शाळेच्या छपरापासून सुरुवात करू

डिझाइन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोबाइल, कपडे किंवा दिवाणखान्याची सजावट येते. माझ्या मते ऊन, पाणी, वारा आणि माणूस यांचा मेळ घालणं हेच खरं डिझाइन, आणि ते शिकवण्याची पहिली जागा म्हणजे मुलं रोज जिथे बसतात ती शाळेची इमारत.

१. ही जाण आपल्याला नवी नाही. साताऱ्याजवळ लिंब गावात वीरूबाई भोसले यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधून घेतलेली बारामोटेची विहीर आहे. अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल, एकाच वेळी बारा मोटा चालतील अशी. त्याच बांधकामात उठायबसायला छोटा महालही आहे. सिंचन, गारवा, देखणेपण हे तिथे वेगवेगळे विभाग नव्हते.

२. १९५८ साली डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स यांनी भारत सरकारला दिलेल्या अहवालात आपल्या साध्या लोट्याचं कौतुक केलं. त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. पण लोट्यातली ती समज गावच्या शाळेपर्यंत मात्र पोचली नाही.

३. आता आपल्या शाळा पाहा. डोक्यावर पत्रा किंवा उघडा स्लॅब, पश्चिमेला खिडक्या, मैदानभर पेव्हर ब्लॉक, झाडाच्या बुंध्याशी सिमेंट. एप्रिलमध्ये दुपारी वर्गात बसवत नाही, आणि त्याच वर्गात ‘पर्यावरण रक्षण’ हा धडा शिकवला जातो! पावसाळ्यात छपराचं पाणी गटारात जातं आणि मार्चपासून टँकरची वाट पाहावी लागते. शंभर चौरस मीटर छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला, तर एक हजार लिटर पाणी पडतं. पाचवी-सहावीच्या मुलांना जमेल असं हे गणित आहे. त्यांना छप्पर मोजू द्या, पाणी कुठून कुठे वाहतं ते पावसात उभं राहून बघू द्या, पन्हळ आणि शोषखड्डा कुठे हवा ते कागदावर काढू द्या. यात गणित, भूगोल, विज्ञान आणि चित्रकला असे चारही विषय येतात.

४. ऊन-पाण्याचा विचार करून शाळा बांधायला फार पैसा लागतो, हे म्हणणं मला पटत नाही. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात अनेक वर्षं कमी खर्चाची घरं बांधली. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट भार पेलत नाही, म्हणून तिथे ते जुनी मंगलोरी कौलं बसवत. सिमेंट वाचे, कौलांमधल्या हवेमुळे उष्णताही अडे. विटा उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवली की विटाही कमी लागत. कौलं तर कोकणाच्या ओळखीची आहेत. पडवी, खोल छज्जा, जाळीची भिंत हे आपल्या गवंड्यांना कोणी नव्याने शिकवायला नको.

५. अधिकारही आपल्याकडे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणं हे समितीचं काम आहे. तुमचं मूल शाळेत असेल, तर पुढच्या बैठकीत तो आराखडा मागा. छपराचं पाणी आणि पश्चिमेचं ऊन हे दोन विषय त्यात लिहून घ्या, आणि ठेकेदार नेमण्याआधी नकाशा मुलांना दाखवा.