दात्याचे औदार्य आणि लोकांचा हक्क

डेव्हिड रुबेन्स्टाइन यांचे चरित्र अमेरिकन भांडवलशाहीच्या चाहत्यांनी अभिमानाने सांगावे असेच आहे. १९४९ साली बाल्टिमोर येथे टपालखात्यातील एका सामान्य नोकरदाराच्या घरी ते जन्मले, शिष्यवृत्तीच्या बळावर वकील झाले आणि राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या कारकिर्दीत अंतर्गत धोरणाचे उपसल्लागार राहिले. १९८७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘कार्लाइल’ ही प्रायव्हेट इक्विटी संस्था स्थापिली व अब्जावधी डॉलर मिळविले. २००७ मध्ये २ कोटी १३ लाख डॉलरना घेतलेली मॅग्ना कार्टाची १२९७ सालची प्रत त्यांनी राष्ट्रीय अभिलेखागारात जनतेसाठी ठेवली. २०११ च्या भूकंपात तडे गेलेल्या वॉशिंग्टन स्मारकाच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च, ७५ लाख डॉलर, त्यांनीच उचलला. या दानशूरतेविषयी आम्हाला शंका नाही. आमचा प्रश्न त्यामागील व्यवस्थेविषयी आहे.

या धंद्याची रीत अशी की, थोडे स्वतःचे व पुष्कळसे कर्जाऊ भांडवल घालून कंपनी विकत घ्यावयाची आणि ते कर्ज त्या कंपनीच्याच माथी मारावयाचे. २००७ मध्ये कार्लाइलने वृद्धांची शुश्रूषागृहे चालविणारी ‘मॅनॉरकेअर’ सुमारे ६.३ अब्ज डॉलरना घेतली. २०११ मध्ये तिच्या जागा व इमारती ६.१ अब्ज डॉलरना विकण्यात आल्या. कालपर्यंत मालक असलेली संस्था आपल्याच वास्तूत भाडेकरू झाली! सरकारने वैद्यकीय विम्याचे दर कमी केले हे खरे. परंतु भाड्याचा बोजाही तिला पेलेना. मार्च २०१८ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा देणे ७.१ अब्ज डॉलरचे होते. अंथरुणास खिळलेल्या वृद्धांनी या व्यवहारात कोणती जोखीम स्वेच्छेने पत्करली होती?

करांचा न्यायही पाहण्याजोगा आहे. गुंतवणूक चालविणाऱ्यास नफ्याचा साधारणतः पाचवा हिस्सा मिळतो. तो श्रमाचा मोबदला असूनही दीर्घ मुदतीचा भांडवली नफा मानला गेला की त्यावर केंद्रीय प्राप्तिकर कमाल २० टक्के लागतो. पगारावरील कमाल दर मात्र ३७ टक्के आहे. म्हणजे सरकारी तिजोरीत यावयाचा पैसा आधी सवलत म्हणून सोडून द्यावयाचा आणि मग त्यातील काही अंश देणगी म्हणून परत आला की आभार मानावयाचे. कोणते स्मारक दुरुस्त व्हावे, हे लोकप्रतिनिधींऐवजी दाता ठरवितो.

गांधीजींच्या विश्वस्त-कल्पनेत नफा मिळवून झाल्यावर दान करणे एवढेच अभिप्रेत नव्हते. उद्योगच समाजाच्या वतीने चालविला जावा, ही अपेक्षा होती.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा राहिलेला नाही. नवी मुंबईची हेक्झावेअर ही कंपनी २०२१ मध्ये कार्लाइलनेच घेतली. उद्या आपल्या शहरातील रुग्णालय अशा हातांत जाईल, तेव्हा कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न जाहीरपणे विचारावेत: कर्ज कोणाच्या माथी आहे? जागेची मालकी कोणाकडे राहणार? आणि नफ्यावर कर किती भरला जाणार? दात्याचे आभार त्यानंतर मानता येतील.