आमदाराचा हिशेब

अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या शहापूर मतदारसंघात २०१९ साली चमत्कारिक प्रकार घडला. राष्ट्रवादीचे आमदार पांडुरंग बरोरा शिवसेनेत गेले आणि शिवसेनेचे माजी आमदार दौलत दरोडा राष्ट्रवादीत! दरोडा विजयी झाले. पक्ष दुभंगल्यावर २०२४ मध्येही. मत पक्षाला की माणसाला, हा वाद वाशिंदच्या फलाटावर अजून रंगतो. रंगो बापडा. विचारायचे ते पाण्याविषयी. तानसा, भातसा ही धरणे याच तालुक्यात. पाणी मुंबईला आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांना टँकर. त्यावर आमदारांनी सभागृहात किती प्रश्न विचारले, एखादे अशासकीय विधेयक मांडले काय, हे आपण शिकलेली मंडळी तरी कधी पाहतो? विधानसभेच्या कामकाजाचे वृत्तांत प्रसिद्ध होतात. ते हाती घेऊन प्रचारसभेत उभा राहिलेला मतदार मात्र मी अद्याप पाहिलेला नाही.