बूथला माणूस आहे, खरेदी केंद्राला बारदाना नाही



पक्षवाले शेतकऱ्यापर्यंत पोचत नाहीत असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. मतदार यादीच्या एकेका पानाला त्यांचा माणूस नेमलेला असतो, पन्नाप्रमुख. कोणत्या घरात किती मतं, कोण पुण्याला कामाला, कुणाला गाडी पाठवायची, सगळं पाठ. पोचायचं कसं ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. कधी पोचायचं, तेही ठाऊक आहे.

2024 आठवा. निर्यातबंदीचा राग कांदा पट्ट्यानं लोकसभेला काढला. दिंडोरी गेलं, नाशिक गेलं, राज्यात महायुती 48 पैकी 17 वर आली. धडा काय घेतला? भाव देण्याचा नाही, थेट खात्यात पोचण्याचा. जूनच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण आली, साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला वीज मोफत झाली. सप्टेंबरात कांद्याचं निर्यात शुल्क 40 वरून 20 टक्के झालं. सोयाबीनच्या ओलाव्याची अट 12 वरून 15 टक्के केली ती मतदानाला आठवडाही उरला नव्हता तेव्हा. ऑक्टोबरात माल ओला नव्हता काय?

बहिणीच्या पैशाला माझा विरोध नाही. बाईच्या हातात तिचे पैसे आले, चांगलं झालं. पण हिशोब मांडा. त्या वर्षी हमीभाव 4892. मी विकलं चार हजारानं. क्विंटलला 892 चा खड्डा. वीस क्विंटलचे झाले 17840. आणि दीड हजारानं वर्षाचे होतात 18000. म्हणजे घरात आलं तेवढंच काट्यावर गेलं! वर आपणच लाभार्थी.

विरोधकही काही वेगळे नाहीत. महायुती सहा हजार भाव बोलली, आघाडी सात हजार. आपल्या मालाचा नाही, आपल्या मताचा लिलाव चालला होता.

म्हणून यापुढं मतदानाची चिठ्ठी घेऊन येणाऱ्याला चहा पाजा आणि चारच गोष्टी विचारा. खरेदीची नोंदणी कोणत्या तारखेला सुरू होणार? केंद्र किती किलोमीटरवर? बारदाना आधी येणार का? चुकारा किती दिवसांत? उत्तर गावच्या ग्रुपवर त्याच्या नावानिशी टाका.

यादीत आपलं पान सापडतं, तर केंद्रावर आपलं पोतंही सापडायला पाहिजे. पटलं तर पुढं पाठवा.