गाडीचा कायापालट आणि कायदा

जुन्या मोटारगाडीतील पेट्रोलचे इंजिन काढून तेथे विजेची मोटर आणि बॅटरी बसवावी, ही कल्पना आज कोणासही चमत्कारिक वाटत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत लोखंडाला हवा तो आकार देणारे कुशल कारागीर आहेत. तेव्हा 'हे काम आपल्याकडेच का होऊ नये? त्यासाठी सरकारची परवानगी कशाला?' असे विद्यार्थी विचारतात, ते स्वाभाविकच होय.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कायदा या बदलाचा वैरी नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम मालकास गाडीचा मूळ तपशील मनास येईल तसा बदलू देत नाही. परंतु तेच कलम बॅटरीचा स्पष्ट उल्लेख करून, ठरावीक अटींवर, किट बसविण्याची मोकळीक देते. किट मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणीत उतरलेले असावे. पुण्याची 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन' ही अशीच एक संस्था. ते अधिकृत कारागिराकडून बसवावे, आर.टी.ओ.ची मंजुरी घ्यावी, आणि बदल झाल्यावर 14 दिवसांच्या आत तो कळवून आर. सी. बुकात नोंद करून घ्यावी. विमा कंपनीसही कळविणे अगत्याचे आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद, दर बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कोणी म्हणेल, 'आमच्या मिस्त्रीला सारे येते. कागद हवेत कशाला?' मिस्त्रीच्या हातगुणाविषयी शंका नाही. पण ब्रेकचेच उदाहरण घ्या. पुष्कळ गाड्यांत ब्रेक हलका करणारी निर्वात शक्ती इंजिनकडूनच मिळते. इंजिन काढले आणि तिची वेगळी सोय केली नाही, तर उतारावर पाय कितीही जोराने दाबला तरी गाडी वेळेवर थांबणार नाही. शिवाय बॅटरीच्या वजनाने गाडीचा तोल बदलतो. आणि आपल्याकडच्या मुसळधार पावसात उच्च दाबाच्या तारांत पाणी शिरले, तर जिवावरचा प्रसंग ओढवतो. हे दोष बाहेरून दिसत नाहीत. रस्त्याने चालणारी शाळकरी मुले बॉनेट उघडून पाहू शकत नाहीत. त्यांच्या वतीने कोणीतरी ते पाहावे, एवढेच कायद्याचे म्हणणे आहे.

उचगावाहून वेंगुर्ला रस्त्याने शिनोळीस गेले की राज्य बदलते. परंतु हा कायदा केंद्राचा असल्याने हद्दीच्या दोन्ही बाजूंस तो एकच आहे. राज्य बदलले म्हणून ब्रेकचा धर्म बदलत नाही!

मात्र कर्तव्य केवळ नागरिकाचेच नव्हे. चाचणीचा मार्ग खर्चाचा आणि दूरचा राहिला, तर तो मोठ्या कारखानदारांनाच परवडेल आणि गावचा हुशार कारागीर चोरवाटेने जाईल. म्हणून सरकारने आय.टी.आय.मधून या कामाचे शिक्षण द्यावे आणि लहान कारखानदारांस चाचणीच्या खर्चात साहाय्य करावे, असे मला आग्रहाने वाटते. ज्या कायद्याला प्रामाणिकपणाची अपेक्षा आहे, त्याने प्रामाणिक माणसाची वाट सोपी केली पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या हे काम हाती घेईल. त्याने हात कुशल ठेवावेत. पण आपले काम दुसऱ्याच्या परीक्षेस उतरविण्याची तयारीही ठेवावी. परीक्षेस न भिणारी विद्या हीच खरी विद्या.