ऋण आणि नक्कल

अमेरिकी चित्रकारांचा दृक्प्रत्ययवाद म्हणजे फ्रेंच कलेची उशिरा निघालेली प्रतिकृती, असा शेरा कलाचर्चेत हटकून ऐकू येतो. तो आम्हांस मान्य नाही.

ऋण होते, हे कोण नाकारील? १८८६ साली पॅरिसचे कलाव्यापारी पॉल द्युराँ-र्युएल यांनी न्यूयॉर्कमध्ये सुमारे ३०० चित्रे मांडली. पुढील वर्षी थिओडोर रॉबिन्सन आदी अमेरिकी चित्रकार क्लोद मोने यांच्या जिव्हेर्नी गावी जाऊन राहिले. उजळ रंग, तुटक फटकारे, उघड्यावर बसून रंगविण्याची रीत हे सारे त्यांनी उचलले. परंतु त्यांनी काय नाकारले, हे टीकाकार पाहतच नाहीत. मोने यांच्या चित्रांत वस्तू प्रकाशात विरघळते; रॉबिन्सन यांच्या चित्रांत ऊन अंगावर घेऊनही मनुष्यदेह भरीव राहतो. अकादमीत घटवलेले रेखन या मंडळींनी टाकून दिले नाही.

जे. आल्डन वीअर यांचेच उदाहरण घ्या. १८७७ साली पॅरिसमध्ये दृक्प्रत्ययवाद्यांचे प्रदर्शन पाहून त्यांनी घरी पाठविलेल्या पत्रात त्याची भयंकर म्हणून संभावना केली. पुढे कनेटिकट राज्यातील विलिमँटिकजवळ नदीवरचा जुना, छपराचा लाकडी पूल जाऊन लोखंडी पूल आला. वीअर प्रथम हळहळले. मग त्या पुलाला दिलेला तांबडा गंजरोधक रंग पाण्यात उतरलेला पाहून मोहित झाले. १८९५ मधील ‘द रेड ब्रिज’ हे चित्र त्यातून जन्मले. जी शैली त्यांनी एकदा झिडकारली, तीच त्यांनी आपल्या नदीसाठी, आपल्या पुलासाठी स्वीकारली. नक्कल करणारा का अशी वर्षे घालवितो? जॉन ट्वॉक्टमन यांनीही ग्रीनिच येथील स्वतःच्या घराभोवतीचा बर्फच पुनःपुन्हा रंगविला.

या चित्रकारांचा खरा दोष वेगळा आहे. बागा, पांढरी वस्त्रे, उन्हाळी किनारे यांत ते रमले. न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींतील स्थलांतरित श्रमिक त्यांच्या चित्रांत फारसे दिसत नाहीत. हा आरोप जरूर करावा, कारण तो खरा आहे. परंतु उसनवारीचा शिक्का मारून त्यांना निकालात काढणे हा केवळ आळस होय.

दिवा शेजाऱ्याच्या ज्योतीवर लावला म्हणून त्या उजेडात दिसणारे घर शेजाऱ्याचे होत नाही. कलावंताला विचारावयाचे ते इतकेच: त्या उजेडात तू स्वतःचे अंगण पाहिलेस काय? वीअर यांनी पाहिले होते.