‘फोटोग्राफिक मेमरी’चा बाजार

मागच्या महिन्यात सातवीतल्या एका मुलीचे वडील भेटायला आले. रिक्षा चालवतात. हातात एका क्लासचं पत्रक होतं : ‘तीन महिन्यांत फोटोग्राफिक मेमरी. फी १८,००० रुपये.’ क्लासचा कार्यक्रमही ते पाहून आले होते. मंचावरच्या मुलाने पडद्यावरच्या चित्रविचित्र आकृत्या एकदाच पाहून क्रमाने सांगितल्या होत्या. “सर, बच्ची का दिमाग तेज होगा ना?” मी स्पष्ट ‘नाही’ म्हणालो. का म्हणालो, ते सगळ्यांसाठीच लिहितो.

आकृत्यांचा हा खेळ खोटा नाही. १९९१ साली लंडनमध्ये पहिली जागतिक स्मरणशक्ती स्पर्धा झाली. अशा स्पर्धांत पुढे अमूर्त आकृत्यांचा प्रकारही आला. एका ओळीत पाच आकृत्या. पंधरा मिनिटांत जमतील तितक्या ओळी पाहायच्या आणि नंतर त्यांचा क्रम सांगायचा. मेहनतीचं काम आहे, मला त्याचा आदर आहे. पण हे स्पर्धक डोक्यात फोटो काढत नाहीत. कुठल्या आकृतीत त्यांना बेडूक दिसतो, कुठे बूट. त्यांची गोष्ट जुळवून ती ओळखीच्या घरात खोली-खोलीत ‘ठेवतात’. ही युक्ती आहे, आणि ती पुस्तकातून फुकट शिकता येते.

मग फसवणूक कुठे आहे? ‘दिमाग तेज होईल’ या वाक्यात. १९७३ साली चेस आणि सायमन या अमेरिकी संशोधकांनी बुद्धिबळपटूंना पाच सेकंद पट दाखवला. खऱ्या डावातला पट निष्णात खेळाडूने बराचसा परत मांडला. सोंगट्या वाटेल तशा ठेवल्या, तेव्हा तो नवशिक्याइतकाच अडखळला. त्याची स्मृती बुद्धिबळाच्या समजेतून आली होती.

माझ्या वर्गात हे रोज दिसतं. पहिलीतल्या मुलाला बे, पे, ते, से यांचा आकार एकच वाटतो, तो नुक्ते मोजत बसतो. वर्षभर वाचल्यावर अख्खा शब्द एका नजरेत ओळखतो. मराठीत ‘घ’ आणि ‘ध’चंही तेच. त्यासाठी कुठला क्लास लागला? वाचन लागलं, अर्थ लागला.

दोष आम्हा शिक्षकांचाही आहे. उत्तर जसंच्या तसं लिहिणाऱ्याला आम्हीच पैकीच्या पैकी गुण दिले. घोकंपट्टीला भाव आम्ही दिला, दुकान दुसऱ्यांनी टाकलं. आणि ते आमच्याच वस्तीत चालतं, कारण ज्यांना स्वतःला शिकता आलं नाही, ते आईबाप मुलांसाठी कर्ज काढायलाही तयार असतात.

त्या वडिलांनी २,००० रुपये आधीच भरले होते. ते परत मिळाले नाहीत. उरलेले १६,००० मात्र वाचले.

उद्या तुमच्या दारात असं पत्रक आलं, तर एवढंच विचारा : “आमची मुलगी न शिकवलेला धडा स्वतः वाचून समजावून सांगेल का? लेखी देता?”