घरगुती हुन्नर : आडवा छेद

धाराशिवहून एका भगिनीचें पत्र आलें आहे. पत्र लहान आहे, परंतु त्यांतील काळजी लहान नाहीं. तुळजापूर तालुक्यांतील त्यांचें वडिलार्जित माळवदाचें घर गेल्या उन्हाळ्यांत उतरविण्यांत आलें. त्यांतून निघालेल्या सागवानी तुळया, खांब व कडीपाटाच्या फळ्या अंगणांत रचून ठेवल्या आहेत. पुण्यास इंजिनियरिंग शिकलेल्या धाकट्या चिरंजीवांनीं त्या लांकडांतून आजोबांच्या पुस्तकांसाठीं कपाट करण्याचा घाट घातला असून, त्याकरितां विजेवर चालणारी टेबल-करवतही विकत आणली आहे. "लांकूड विकून टाकण्यापेक्षां तें घरांत राहिलें तर मला आनंदच आहे," असें त्या लिहितात, "पण तें यंत्र सुरू झालें कीं स्वयंपाकघरांत माझा जीव थाऱ्यावर राहात नाहीं. हें करूं नको असें त्याला सांगूं, कीं तें कसें करावें हें आपण सांगाल?"

भगिनी, करूं नको असें सांगूं नका. ज्या घरांत तीन पिढ्या लेखणीपलीकडे हत्यार नव्हतें, त्या घरांतील तरुणास स्वतःच्या हातानें कांहीं घडवावेंसें वाटणें ही चांगली गोष्ट आहे. मात्र तुमची भीतिही खोटी नाहीं. तेव्हां कसें करावें तेंच सांगतों, आणि हा लेख त्यास वाचावयास द्या.

माझें सारें सांगणें एका वाक्यांत असें आहे : धरलेला भाग हालूं नये आणि सुटलेला भाग अडकूं नये. एवढें साधलें म्हणजे छेद अचूकही होतो व निर्धोकही होतो. पुष्कळांस वाटतें कीं सावधगिरी ही भित्र्यांची व अचूकपणा हा कसबी माणसांचा गुण. करवतीपुढें हे दोन गुण निराळे राहातच नाहींत.

प्रथम लांकडाचा स्वभाव पाहूं. झाडाचे तंतू बुंध्यापासून शेंड्याकडे उभे धांवतात. फळी लांबीच्या दिशेनें चिरणें म्हणजे या तंतूंमधून वाट काढणें. हा उभा छेद. रुंदीच्या दिशेनें कापणें म्हणजे एकूणएक तंतू तोडणें. हा आडवा छेद. म्हणून दोहोंचीं पातीं निराळीं असतात. उभ्या छेदाच्या दहा इंची पात्यास साधारणतः २४ मोठे दांते असतात. आडव्या छेदाच्या पात्यास ६० ते ८० बारीक दांते असून त्यांचीं टोकें आळीपाळीनें डाव्या व उजव्या बाजूस तिरपीं घासलेलीं असतात. त्यामुळें तंतू दोन्ही कडांनीं सुरीनें कापल्यासारखे तुटतात. कपाटाच्या फळ्यांचीं टोकें फाटलेलीं नको असतील तर हें दुसरें पातें वेगळें विकत घ्यावें.

आतां या पात्याचा वेग ध्यानांत घ्यावा. दहा इंची पातें मिनिटास ४००० फेरे घेत असेल तर त्याचा दांता सेकंदास सुमारें ५३ मीटर, म्हणजे ताशीं १९० किलोमीटर वेगानें धांवतो. बोटास स्पर्श झाल्यावर हात दचकून मागें येण्यास सेकंदाचा पांचवा भाग जरी लागला, तरी तेवढ्यांत दहा मीटर लांबीची दांत्यांची रांग तेथून निघून गेलेली असते. "मी सावध आहें, वेळेवर हात काढीन," हें म्हणणें म्हणूनच व्यर्थ आहे. हात मुळांतच पात्याच्या वाटेवर नसावा, अशी योजना आधींच करून ठेवावी लागते.

तुमच्या अंगणांतील लांकडाविषयीं दोन विशेष सूचना. दहा इंची पातें फार तर तीन-सव्वातीन इंच जाडीचें लांकूड कापूं शकतें. तेव्हां तुळया व खांब वखारींत नेऊन त्यांच्या फळ्या पाडून आणाव्या. दुसरें असें कीं जुन्या लांकडांत खिळे असतात. कांहींचीं डोकीं केव्हांच झडून गेलेलीं असतात व आंतील गज तेवढा राहिलेला असतो. फळीवरून लोहचुंबक फिरवून असा प्रत्येक खिळा शोधून काढावा; राहिलेल्या खिळ्यावर दांता आपटला तर त्याचा तुकडा उडून थेट डोळ्याकडे येतो. माळवदाच्या पांढऱ्या मातीचे कण लांकडाच्या चिरांत बसलेले असतात, तेही तारेच्या कुंच्यानें झाडावे. तसें न केल्यास नवें पातें एका दिवसांत बोथट होतें, आणि बोथट पात्यास लांकूड जोर लावून ढकलावें लागतें. हात घसरावयाचा तो अशाच वेळीं.

आतां मुख्य गोष्ट. टेबलावर लांकडास वाट दाखविणारीं दोन साधनें असतात. एक, पात्याशीं समांतर बसविलेली लांब पट्टी. मिस्त्री हिला फेन्स म्हणतात. ही उभ्या छेदासाठीं. दुसरें, टेबलाच्या खोबणींतून पुढेंमागें सरकणारें गेज. फळी याला टेकवून, गेजसकट पुढें ढकलली म्हणजे आडवा छेद होतो. नवशिक्यास सुचतें तें असें : फळी गेजला टेकवावी आणि तिचें टोक पलीकडे फेन्सलाही टेकवावें, म्हणजे माप आपोआप मिळेल. हीच ती घोडचूक. "दोन घरचा पाहुणा उपाशी" ही म्हण येथें खरी होते. फरक इतकाच कीं येथला पाहुणा उपाशी न राहातां उसळून अंगावर येतो.

याचें कारण समजून घ्यावें. पात्याची आपल्याकडील बाजू खालीं उतरते, पलीकडील बाजू वर चढते, आणि माथा आपल्या दिशेनें धांवतो. छेद पुरा होतांच सुटलेला तुकडा पातें व फेन्स यांच्या मध्यें सांपडतो. तो किंचित् तिरपा झाला कीं मागून वर चढणारे दांते त्यास उचलतात आणि माथ्यावरून आपल्याकडे भिरकावून देतात. हें मी पुस्तकांत वाचून लिहीत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं चौरंगाचे पाय सारख्या लांबीचे कापण्याच्या नादांत मीं ही चूक केली. वीतभर लांबीचा तुकडा बरगडीवर बसला. तीन आठवडे कुशीवर निजतां आलें नाहीं, आणि तो तुकडा पोटाऐवजीं डोळ्यावर आला असता तर हा लेख लिहितां आला नसता. शिवाय गंमत अशी कीं तो पाय मापांतही चुकलाच होता. फळी वांकडी होऊं लागली म्हणूनच ती अडकली, आणि वांकडी झाली म्हणूनच छेद बिघडला.

सारख्या लांबीचे तुकडे हवे असतील तर उपाय सोपा आहे. फेन्सच्या आपल्याकडील भागावर, पात्याच्या बरेंच अलीकडे, इंचभर जाडीचा एक लांकडी ठोकळा शिकंज्यानें घट्ट बसवावा. फळीचें टोक त्या ठोकळ्यास टेकवून माप घ्यावें. मग गेज पुढें ढकलावें. पात्याशीं पोंचण्यापूर्वींच फळी ठोकळ्यापासून सुटलेली असते, आणि कापलेला तुकडा व फेन्स यांमध्यें इंचभर मोकळी जागा राहाते. तोच ठोकळा गेजला जोडलेल्या लांब लांकडी पट्टीवर बसविला तर त्याहूनही उत्तम.

बाकीचे नियम संक्षेपानें देतों. पण ते संक्षिप्त आहेत म्हणून गौण समजूं नयेत. पात्यावरील झांकण व पात्यामागील पाचरपट्टी काढून ठेवूं नयेत. छेद मिटून पात्यास आवळूं नये म्हणून ती पट्टी असते. पातें फळीच्या वर जेमतेम दांताभर दिसेल इतकेंच उंच ठेवावें. उभें राहावयाचें तें पात्याच्या रेषेंत नव्हे, गेजच्या बाजूस सरकून. दोन्ही हात गेजकडील भागावर असावे. सुटणाऱ्या तुकड्यास हात लावूं नये, व पातें पूर्ण थांबेपर्यंत तो उचलूंही नये. हातानेंच फळी धरून, कशाचाही आधार न देतां, कधींही कापूं नये. फळी बाकदार असेल तर तिची खोलगट बाजू खालीं ठेवावी, म्हणजे ती डुलत नाहीं. लांब फळीच्या लोंबत्या टोकास टेबलाच्याच उंचीचा घोडा द्यावा. गेजला नीट टेकणार नाहीं इतका आंखूड तुकडा यंत्रावर कापूंच नये. त्यासाठीं हातकरवत आहे. हातमोजे, अंगठी, सैल बाही आणि घरांतील मुली काम करीत असल्यास पदर वा ओढणी यांस तेथें मज्जाव असावा. डोळ्यांस चष्मा, कानांस बोळे आणि नाकास मुखपट्टी हवी. लांकडाचा बारीक भुसा कर्करोगास कारण होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालींच दिलेला आहे.

आतां अचूकपणा. गेजवर काटकोनाची खूण छापलेली असते, तिच्यावर विसंबूं नये. यंत्राचा प्लग काढून गुण्याची एक बाजू गेजला व दुसरी पात्याच्या अंगास लावावी. गुण्या दांत्यास टेकूं देऊं नये. मग खरी परीक्षा घ्यावी. दोन्ही कडा समांतर असलेली फूटभर रुंदीची एक टाकाऊ फळी मधोमध आडवी कापावी. दोहोंपैकीं एक तुकडा उलथा करून, दोघांच्या कडा एका सरळ पट्टीस लावून, कापलेलीं टोकें पुन्हां एकमेकांस भिडवावीं. छेद काटकोनांत असेल तर फट दिसणार नाहीं. पाव अंशाची चूक असेल तर ३०० मिलिमीटर रुंदीवर सव्वा मिलिमीटरहून थोडा अधिक फरक पडतो, आणि उलथा केल्यामुळें तो दुप्पट होऊन अडीच मिलिमीटरांहून मोठी फट डोळ्यांस दिसते. फट मिटेपर्यंत गेज सुधारावें. गेजच्या पट्टीवर कांचकागदाची चिंधी डकवली म्हणजे फळी बाजूस सरकत नाहीं. मागील कडेचे तंतू फाटूं नयेत म्हणून छेदाच्या रेषेवर आधीं धारदार सुरी ओढून घ्यावी.

भगिनी विचारतील कीं एवढा पाव अंशाचा हट्ट कशासाठीं? कपाटापुरतें सांगावयाचें तर, टोकें काटकोनांत नसलेलें कपाट डुलतें व त्याचीं दारें लागत नाहींत. पण तुमच्या जिल्ह्यांत याहून मोठें उदाहरण आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीं पहांटे, किल्लारी व सास्तूरच्या परिसरांत जो भूकंप झाला त्यांत सुमारें आठ हजार माणसें दगावलीं. बहुतेकांचा घात मातींत रचलेल्या जाड दगडी भिंतींनीं व वरच्या जड माळवदांनीं केला. परंतु माळवदाचा भार जेथें लांकडी खांबांवर व तुळयांवर होता, अशीं कांहीं घरें निराळीं ठरलीं; भिंती ढासळल्या, तरी लांकडी सांगाडा उभा राहिला व खालच्या माणसांस वाट मिळाली. लांकडाची जात, खांबाची जाडी, सांध्यांची बळकटी हीं सारीं त्याचीं कारणें आहेत. त्यांत एक हेंही आहे कीं खांबाचें टोक सपाट कापलेलें असेल तरच तो तळखड्यावर सगळ्या अंगानें बसतो. टोक तिरपें असेल तर सारा भार एका कडेवर येतो. तुमच्या अंगणांतील खांब कोण्या मिस्त्रीनें हातकरवतीनें, गुण्या पुन्हां पुन्हां लावून कापले असतील. त्या टोकांवर चिरंजीवांनीं एकदां गुण्या ठेवून पाहावा. स्पर्धा करावयाची तर त्या मिस्त्रीशीं.

स्पर्श होतांच आपोआप थांबणारी करवत नाहीं काय, असाही प्रश्न मनांत येईल. आहे. अमेरिकेंतील स्टीफन गास या भौतिकशास्त्रज्ञ वकिलानें १९९९ सालीं अशी युक्ति शोधली. पात्यांतून सूक्ष्म विद्युत्-संकेत वाहात असतो. त्वचेचा स्पर्श होतांच तो बदलतो आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा दांत्यांत घुसून पातें सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांत थांबतें. बोटाऐवजीं ओरखड्यावर निभावतें. तथापि ती युक्ति बोटापुरती आहे. अडकून उसळलेल्या तुकड्यास ती आवरीत नाहीं. त्यासाठीं वरचाच नियम पाळावा लागतो.

म्हणून भगिनी, चिरंजीवांस एवढेंच सांगा : आजोबांच्या पुस्तकांसाठीं घरच्या लांकडास हात लावण्यापूर्वीं टाकाऊ फळीचे तीन छेद मला करून दाखव. पहिल्यांत तुझे हात कोठें आहेत तें मी पाहीन. दुसऱ्यांत कापलेला तुकडा मोकळा पडतो कीं नाहीं तें पाहीन. तिसऱ्याचीं टोकें उलटीं भिडवून उजेडासमोर धर. फटींतून उजेड आला नाहीं तर खुशाल कपाटास लाग. या परीक्षेस सुतारकाम येण्याची गरज नाहीं. फणीच्या दांतांतून सांपडलेली ऊ आणि तांदळांतला खडा ज्या डोळ्यांनीं टिपला, ते डोळे तेवढ्यास पुरेसे आहेत.

आणि कपाट तयार झाल्यावर त्याचें मोजमाप आम्हांस अवश्य कळवावें. दहाही बोटांनीं लिहिलेलें पत्र आम्हांस अधिक आवडेल.